पत

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बोरीवलीच्या बाजारातून फेरफटका मारावा. दुकानोदुकानी नव्या वह्यांची पूजा चाललेली असते. कोऱ्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, बाजूला ‘शुभ’ आणि ‘लाभ’. हिशेब संगणकात गेले, तरी पूजेला वही लागतेच. मला या वहीचे नवल वाटते. पूजा लक्ष्मीची, पण वहीत पैसे कुठे असतात? तिथे असतात माणसांची नावे. कोणी उधार नेले, कोण केव्हा देणार. म्हणजे पूजा होते ती विश्वासाचीच!

आपल्या भाषेने हे केव्हाच ओळखले आहे. ‘पत’ हा एकच शब्द आपण अब्रूलाही वापरतो आणि उधारी मिळण्याच्या लायकीलाही. मग ज्याच्यापाशी तारण नाही, त्याला पतच नाही असे म्हणायचे काय?

मी मॅट्रिक झालेला मास्तर; अर्थशास्त्र माझा प्रांत नव्हे. पण हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचाही नव्हे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. त्यांनी कर्जाचे रोखे हिसकावले आणि जाळले. पाऊणशे वर्षांनी, देश स्वतंत्र झाल्यावर, ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी झाली. तिच्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते. १९५४ च्या त्या अहवालातील आकडे पाहा: १९५१-५२ साली शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जांपैकी सुमारे ७० टक्के सावकारांचे, सहकारी संस्थांचे जेमतेम ३ टक्के आणि व्यापारी बँकांचे १ टक्काही नाही.

सावकार नाडत होता, हे खरे. पण अडल्या वेळी तोच दार उघडत होता, हेही खरे. नुसते त्याला शिव्या देऊन शेतकऱ्याचे बी-बियाणे येत नाही. गाडगीळांनी हे जाणले. विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर ते प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले, त्याचे अध्यक्षही झाले. १९५० साली तिथे गाळप सुरू झाले. एकेकट्या शेतकऱ्याला जी पत नव्हती, ती अनेकांनी मिळून उभी केली.

पुढे १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७७ ते १९९० या काळात नियमच होता, की बँक असलेल्या ठिकाणी एक नवी शाखा काढायची, तर बँक नसलेल्या चार ठिकाणी काढाव्यात. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिले, की या शाखांमुळे खेड्यांतले दारिद्र्य घटण्यास हातभार लागला. मात्र थकबाकीही मोठी होती.

इथे मन अडखळते. बुडालेला पैसा कोणाचा? २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आरंभी ठेवीदारांना सहा महिन्यांसाठी फक्त हजार रुपये काढण्याची मुभा होती. कर्जाचा फार मोठा वाटा एकाच बांधकाम समूहाकडे गेल्याचे उघड झाले. गरिबाला तारण मागणारे जग बड्या माणसापुढे कसे मऊ होते, पाहा!

मला वाटते, कर्ज हे दानाहून थोर आहे. दान देताना आपण घेणाऱ्याकडून काही अपेक्षित नाही. कर्ज देताना त्याच्या उद्यावर विश्वास टाकतो. त्याला आपल्या बरोबरीचा मानतो. म्हणून पावसाने दगा दिल्यामुळे ज्याला फेडता येत नाही आणि ऐपत असून जो फेडीत नाही, त्या दोघांना एकाच नावाने हाक मारणे अन्यायाचे आहे. पहिल्याला मुदत द्यावी. त्याची पत शाबूत आहे. दुसऱ्याची, बंगला-मोटार असली तरी, केव्हाच गेली आहे. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या तारणाआधी त्याचे कष्ट पाहावेत, आणि घेणाऱ्याने हे विसरू नये की बँकेच्या गल्ल्यातला रुपया कोणा पेन्शनरच्या म्हातारपणातून, कोणा आईने मुलीच्या लग्नासाठी केलेल्या काटकसरीतून तिथे आलेला असतो.