चौथे ऋण

गेल्या श्रावणात माझी एक जुनी विद्यार्थिनी भिजत भिजत घरी आली. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा तिने पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवला. समाजशास्त्रात ती पीएच.डी. करीत आहे, आणि तिचा विषय आहे एच.आय.व्ही. घेऊन जगणाऱ्या विधवा. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकशी थांबले. तिच्या प्रबंधातले मला काय कळणार? पण तिचे काम वेगळेच होते. मुलाखतीपूर्वी बायकांना वाचून दाखवायचे संमतिपत्र इंग्रजीवरून मराठीत उतरवले होते. ते 'आपल्या बायकांना कळेल असे' करून द्यावे, एवढेच तिचे म्हणणे.

मी पेन घेऊन बसलो. पहिली तीनचार वाक्ये सहज सुधारली. पुढच्या वाक्याशी मात्र हात थांबला. 'सदर संशोधनातील सहभागामुळे आपणास कोणताही प्रत्यक्ष लाभ होणार नाही.' वाक्याचे मराठी वाईट होते हे खरे. पण अडचण मराठीची नव्हती. मी तिला विचारले, "बाईला लाभ नाही, तर मग तो कोणाला?"

ती जरा थांबून म्हणाली, "मला, सर. पदवी मला मिळणार."

तिचे हे सरळ उत्तर मला आवडले, आणि त्याने मला अस्वस्थही केले. दुसऱ्याच्या दुःखावर ज्याचे ज्ञान उभे राहते, त्याने त्या दुसऱ्याचे काय देणे लागते? तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

आपल्या देशातली एच.आय.व्ही.ची कथा सुरू होते तीच मुळी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधापासून. १९८५ साल संपत आले होते. अमेरिकेत या रोगाची पहिली नोंद होऊन चार वर्षे झाली होती. पण तो पाश्चात्त्यांच्या स्वैराचाराचा रोग, आपल्याकडे कशाला येतो, अशी आपली समजूत होती. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सेल्लप्पन निर्मला यांना त्यांच्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सॉलोमन यांनी प्रबंधासाठी हाच विषय सुचवला. (सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. पुढे १९९३ मध्ये त्यांनी एड्सच्या रुग्णांसाठी जे केंद्र काढले, त्याला माहेरचेच नाव दिले.) निर्मलाबाई खेड्यातून आलेल्या, जुन्या वळणाच्या घरातल्या, दोन लहान मुलांची आई. त्यांचे मन कचरले. नवऱ्याने धीर दिला.

मद्रासेत वेश्यावस्ती अशी एका जागी नव्हती. तेव्हा पकडून आणलेल्या बायकांना ज्या सरकारी गृहात ठेवीत, तेथे त्या जाऊ लागल्या. नवरा त्यांना स्कूटरवरून नेऊन सोडी. हातात रबरी मोजे नाहीत, संरक्षणाचे दुसरे साधन नाही. तीन महिन्यांत ऐंशीहून अधिक बायकांचे रक्त जमले. ठेवायला दुसरी सोय नसल्यामुळे ते नमुने घरच्याच फ्रिजमध्ये राहिले. १९८६ च्या फेब्रुवारीत नवराबायको ते घेऊन रात्रीच्या गाडीने निघाली आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पोचली. तपासणीची सोय तेथे होती. त्या तपासणीत सहा नमुने पिवळे झाले. त्या सहाजणींचे रक्त पुन्हा घेऊन अमेरिकेत पाठवले, तेथूनही तेच उत्तर आले. रोग आपल्या दारात नव्हे, घरात आला होता. मार्च १९८७ मध्ये प्रबंध सादर झाला आणि निर्मलाबाईंना पदवी मिळाली.

ही धैर्याची गोष्ट आहे, आणि ती तशी सांगितलीही पाहिजे. परंतु निर्मलाबाईंनीच पुढे प्रांजळपणे सांगितले आहे की, आपण एड्सचा शोध घेत आहोत हे त्यांनी त्या बायकांना सांगितले नव्हते. बायकांना वाटले, नेहमीच्या गुप्तरोगांची तपासणी असेल. कुलपाआडच्या बाईपुढे कोणी सुई घेऊन उभे राहिले, तर 'नाही' म्हणता येते हे तिला कसे ठाऊक असावे?

येथे दोन सोपी उत्तरे समोर येतात. एक म्हणते, हे गैर झाले. दुसरे म्हणते, त्यामुळे देश जागा झाला, रक्तपेढ्यांतले रक्त तपासले जाऊ लागले, असंख्य जीव वाचले. मग गैर कसले? पहिले उत्तर मला फार स्वस्त वाटते. आज घरी पंख्याखाली बसून, मोज्यांवाचून रक्त काढणाऱ्या त्या विद्यार्थिनीचा न्याय करण्याचा अधिकार मला नाही. पण दुसऱ्या उत्तरातही एक खोट आहे. 'असंख्य जीव वाचले' हे उत्तर जगाला देता येते. त्या सहाजणींना देता येत नाही. १९८६ मध्ये त्यांच्यासाठी औषध कोठेच नव्हते. त्यांच्या रक्ताने देश सावध झाला, आणि त्या मात्र जेथे होत्या तेथेच राहिल्या.

शिवाय, नुसते कळल्याने कल्याण होते असेही नाही. गोव्यात डॉमिनिक डिसूझा नावाच्या तरुणाने रक्तदान केले. तपासणीत विषाणू सापडला, आणि १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला नेऊन क्षयरोग्यांच्या एका जुन्या इस्पितळात दोन महिन्यांहून अधिक काळ एकटे डांबून ठेवले. राज्याचा कायदाच तसा होता. त्याने दिलेल्या रक्ताचे हे उत्तर! तो न्यायालयापर्यंत लढला आणि १९९२ मध्ये वारला. चाचणी असो, उपचार असो वा संशोधन असो, समजावून घेतलेल्या संमतीवाचून ते करता येणार नाही, असे सांगणारा केंद्राचा कायदा व्हायला २०१७ साल उजाडले.

आज या एका विषाणूभोवती कितीतरी शाखांचे विद्यार्थी जमलेले आहेत. सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी रक्त नेतो. कायद्याचा विद्यार्थी खटला नेतो, संख्याशास्त्राचा आकडा नेतो आणि समाजशास्त्राचा गोष्ट नेतो. यांतले काहीच निरुपयोगी नाही. पुण्यासह नऊ देशांतल्या केंद्रांत १७६३ जोडप्यांचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये बाहेर आले. प्रत्येक जोडप्यात एकाला विषाणू होता, दुसऱ्याला नव्हता. निम्म्यांना औषध लगेच दिले, निम्म्यांना त्या वेळच्या रीतीप्रमाणे उशिरा. जोडीदाराकडून जोडीदाराला झालेल्या २८ लागणींपैकी २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात होत्या. वेळेवर औषध घेतले तर लागणच थांबते, हे त्यातून सिद्ध झाले. आज लाखो संसार त्या आकड्याच्या आधाराने उभे आहेत. पण २७ हा आकडा म्हणजे २७ माणसे, हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोणी शिकवते का?

प्रत्येक शाखेचे घेणे वेगळे, तसे तिचे देणेही वेगळे. रक्त काढले तर शरीर ते भरून काढते. गोष्टीचे तसे नाही. नवरा कसा गेला, सासरच्यांनी ताट वेगळे कधी केले, हे सांगताना बाई ते पुन्हा भोगते, आणि वही मिटून विद्यार्थी निघून गेला तरी तिला त्याच घरात राहायचे असते. माझ्या विद्यार्थिनीला एक बाई म्हणाली होती, "तू तिसरी. मागच्या दोघींनीबी हेच इचारलं हुतं. त्यांचं काय झालं पुढं?" त्या दोघींचे काय झाले हे तिला ठाऊक होते. त्या प्राध्यापक झाल्या होत्या.

हे सारे मी दुसऱ्यांविषयी लिहीत आहे असे वाचकाला वाटेल. तसे नाही. पंधराएक वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली. आमच्या शेजारी एक ट्रक-ड्रायव्हर याच रोगाने गेला. लोकांना 'टीबी' म्हणून सांगितले होते. त्याच्या बायकोचे हाल मी भिंतीपलीकडून ऐकले होते; तेच नाव बदलून लिहिले. पुस्तकाचे कौतुक झाले, लहानसे पारितोषिकही मिळाले. तिच्या मुलाने ते तिला वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी नळावर ती मला एवढेच म्हणाली, "मास्तर, समदं खरं लिवलंसा. पर मला इचारलं न्हाईसा."

मी तेव्हा मनाशी म्हटले, कलावंताला विचारायची गरज नसते. तिचे दुःख मी जगापुढे मांडले, हेच तिचे भले नाही का? आज पाहतो, तर प्रबंधकार जे म्हणतो तेच मीही म्हणालो होतो. फरक एवढाच, की त्याला निदान संमतिपत्र लिहावे लागते.

माणूस तीन ऋणे घेऊन जन्माला येतो असे आपण लहानपणापासून ऐकतो: देवांचे, ऋषींचे, पितरांचे. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते. शतपथ ब्राह्मणाने मात्र आणखी एक, चौथे ऋण सांगितले आहे: मनुष्याचे. ते अध्ययनाने फिटत नाही. आलेल्याला घरात जागा द्यावी, अन्न द्यावे, तेव्हा ते फिटते. विद्यावंतांची चूक येथेच होते असे मला वाटते. अभ्यास केला म्हणजे सगळीच ऋणे फिटली असे ते धरून चालतात. आणि येथे तर उलटाच प्रकार! ज्या बाईच्या दारात आपण जातो, तीच आपल्याला सतरंजी घालते, चहा टाकते, आणि वर आपली कहाणी देते. अतिथी आपण, मनुष्यऋण फेडते ती, चढते ते आपल्यावर.

ते फेडायचे कसे? पैशाने फिटेल असे वाटत नाही. सांगलीतल्या वेश्यांनी १९९६ मध्ये स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. त्यांच्या चळवळीचा आग्रह साधा आहे: माणसाजवळ नम्रपणे या, आणि त्याच्या गोष्टीत होय-नाही म्हणण्याचा हक्क त्याचा माना. फेड येथून सुरू होते. मग परत जायचे. जे कळले ते ज्याच्याकडून कळले त्याला आधी सांगायचे, आणि ते त्याला पटले नाही तर ऐकून घ्यायचे. पुरते ऋण याने फिटणार नाही. पण ते आहे, एवढे तरी कबूल होईल.

आम्ही दोघांनी मिळून ते वाक्य शेवटी असे केले: 'या कामातून तुम्हाला लगेच काही मिळणार नाही. मला मात्र पदवी मिळेल. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे औषध, तुमची मदत यांत काही फरक पडणार नाही. लिहून झाले की ते वाचून दाखवायला मी परत येईन.' पुढे तिने सांगितले, हे ऐकून दोन बायका उठून गेल्या. बाकीच्या बसल्या, आणि पूर्वीपेक्षा मोकळ्या बोलल्या.

हा लेख लिहायला घेण्यापूर्वी मी शेजारी गेलो. आता ती आजी झाली आहे. गोळ्या नेमाने घेते, तब्येत बरी आहे. मी म्हटले, तुमच्याविषयी पुन्हा लिहायचे आहे, लिहू का? तिने तांदूळ निवडता निवडता बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाली, "नाव नगं, गाव नगं. बाकीचं लिवा."

तेवढेच लिहिले आहे.