अलिखित नियमांचे राज्य

ज्या आज्ञावलीची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मजकूर, कोणालाही पाहता येतो, बदलता येतो आणि बदललेल्या रूपात इतरांना देता येतो, तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. लिनक्स, फायरफॉक्स, पायथन ही तिची परिचित उदाहरणे होत. ती घडवणारी माणसे बहुधा एकमेकांना कधीही भेटलेली नसतात. त्यांचे समुदाय इंटरनेटवर जमतात, आणि तेथे देश, पदवी, वय किंवा लिंग विचारले जात नाही, केवळ काम पाहिले जाते, असा त्या समुदायांचा अभिमानाचा दावा असतो. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ च्या फेब्रुवारीत क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवले. मात्र या समुदायाने स्वतःला काय म्हणवून घ्यावे हे सांगण्याचा आपल्याला काय अधिकार, या संकोचाने त्या एका बैठकीत गप्प राहिल्या आणि तो शब्द एका सहकाऱ्याने बोलता बोलता वापरून रुजवला, अशी हकिकत त्यांनी स्वतःच वीस वर्षांनी लिहिली आहे. मुक्तस्रोताच्या नामकरणातच त्याच्या लिंगभावाच्या प्रश्नाचे बीज सापडावे, हा योगायोग मोठा बोलका आहे.

युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार मुक्तस्रोत समुदायांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे दीड टक्का होते, तर मालकी हक्काची आज्ञावली बनवणाऱ्या कंपन्यांत ते सुमारे २८ टक्के होते. २०१७ मध्ये गिटहब या संकेतस्थळाने केलेल्या सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्यांपैकी ९५ टक्के पुरुष, ३ टक्के स्त्रिया आणि सुमारे १ टक्का या दोन्ही कप्प्यांत न बसणाऱ्या व्यक्ती होत्या. स्त्रियांना या विषयात रसच नसतो, हे नेहमीचे स्पष्टीकरण या आकड्यांपुढे टिकत नाही, कारण तसे असते तर त्यांची अनुपस्थिती कंपन्यांतही तितकीच दिसली असती; शिवाय भारतात, पुण्यामुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही, संगणकशास्त्राच्या वर्गांतील मुलींचे प्रमाण अमेरिकेपेक्षा बरेच अधिक आहे. म्हणजे जेथे प्रवेश परीक्षा, मुलाखत, वेतनश्रेणी आणि हजेरीपट आहे तेथे स्त्रिया येतात, आणि जेथे यातले काहीच नाही, ज्याला वाटेल त्याने यावे असे आहे, तेथे येत नाहीत. प्रश्न या उलटसुलट दिसणाऱ्या चित्राचा आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी संगणकाच्या बाहेर जावे लागते. अमेरिकन स्त्रीमुक्ती चळवळीतील कार्यकर्त्या आणि अभ्यासक जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी रचनाहीनतेच्या जुलमावर एक निबंध लिहिला. ज्या गटात औपचारिक रचना नसते त्या गटात रचनाच नसते असे नाही, ती केवळ अदृश्य होते, आणि अदृश्य असल्यामुळे तिला जाब विचारता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. मराठी वाचकाला हे समजण्यासाठी गावातला किंवा पेठेतला कट्टा आठवला तरी पुरे. कट्ट्याला दार नसते, वर्गणी नसते, सभासदत्वाची पावती नसते. तेथे बसण्यास स्त्रियांना मनाई असल्याचा फलकही कोणी लावलेला नसतो. तरीही रात्री दहानंतर तेथे कोण बसलेले असते आणि मंडळाचे निर्णय प्रत्यक्षात कोठे होतात, हे सर्वांना ठाऊक असते. मुक्तस्रोत समुदाय हा बऱ्याच अंशी जगभर पसरलेला कट्टा आहे.

या कट्ट्याचे पहिले अलिखित प्रवेशशुल्क म्हणजे मोकळा वेळ. आज्ञावलीतील दोष शोधून तो दुरुस्त करणे, ती दुरुस्ती प्रकल्पाची राखण करणाऱ्या 'मेन्टेनर'कडे पाठवणे, त्याच्या शंकांना उत्तरे देणे आणि पुन्हा पुन्हा बदल करणे, हे काम अनेकदा नोकरी किंवा अभ्यास सांभाळून संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी करावयाचे असते. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात ८१.२ टक्के स्त्रिया आणि २६.१ टक्के पुरुष घरातले विनावेतन काम करताना आढळले; हे काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती, तर ते करणाऱ्या पुरुषाची ९७. ज्या गुणवत्तेचे मोजमाप फावल्या वेळात होते ती गुणवत्ता ज्याला फावला वेळ आहे त्याच्याकडेच अधिक आढळणार, हे सांगण्यास संशोधकाची गरज नाही.

दुसरे शुल्क अधिक सूक्ष्म आहे, आणि ते नोम या प्रकल्पाच्या अनुभवातून फार स्पष्ट दिसते. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांना खिडक्या, बटणे आणि यादीपट्ट्यांचे दृश्य रूप देणारा हा प्रकल्प. विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात मानधन देऊन मुक्तस्रोत प्रकल्पांवर काम करू देणाऱ्या गूगलच्या योजनेत २००६ मध्ये नोमकडे १८१ अर्ज आले आणि त्यांत एकही स्त्री नव्हती. तेव्हा प्रकल्पातील काहींनी खास स्त्रियांसाठी तशीच संधी जाहीर केली, मात्र जाहिरातीत स्पर्धेऐवजी शिकण्यावर आणि मार्गदर्शनावर भर दिला, आणि शंभराहून अधिक अर्ज आले. अर्ज करण्यास समर्थ असलेल्या स्त्रिया पहिल्या वेळीही जगात होत्याच. 'येथे कोणीही यावे' या वाक्यातल्या 'कोणीही'मध्ये आपण मोडतो असे त्यांना वाटले नव्हते. २०१० मध्ये मरीना झुराखिन्स्काया यांच्या पुढाकाराने ही कल्पना नव्याने उभी राहिली, इतर प्रकल्पही तीत आले, आणि २०१५ पासून ती 'आउटरीची' या नावाने सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेत चालते. स्त्रियांबरोबर पारलिंगी व्यक्तींना आणि या क्षेत्रात अल्पसंख्य असलेल्या इतरांनाही तिचे दार खुले आहे. तेथे नाव ठरलेला मार्गदर्शक असतो, आधी करून दाखवावयाचे छोटे काम नेमके सांगितलेले असते, मुदत असते आणि मानधन असते. कट्ट्यावरचा रसिक ज्याला कारकुनी म्हणून हसेल तीच ही सामग्री, पण बाहेरून येणाऱ्याला वाट दिसते ती तिच्यामुळेच. या कारकुनीला पैसे लागतात, हेही खरे: प्रायोजकांकडून रकमा येण्याआधी मानधने चुकती करावी लागल्यामुळे २०१४ मध्ये, तेव्हा हा उपक्रम चालवणाऱ्या नोम प्रतिष्ठानची तिजोरी इतकी आटली की अनावश्यक खर्च थांबवावा लागला, आणि उपक्रमाच्या विरोधकांना आयतेच हत्यार मिळाले.

आत आलेल्या स्त्रीचे काम निःपक्षपातीपणे तपासले जाते का, हा पुढचा प्रश्न. गिटहबवर एखाद्याने सुचवलेला बदल स्वीकारावा या विनंतीला 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एकूण पाहता स्त्रियांच्या विनंत्या स्वीकारल्या जाण्याचे प्रमाण (७८.६ टक्के) पुरुषांपेक्षा (७४.६ टक्के) अधिक निघाले, परंतु प्रकल्पाला अनोळखी असलेल्या स्त्रियांपुरते पाहिले, तर नावावरून किंवा छायाचित्रावरून लिंग कळत नसताना ७१.८ टक्के असलेले प्रमाण, ते कळत असताना ६२.५ टक्क्यांवर घसरले. पुरुषांच्या बाबतीतही ओळख उघड झाल्यावर घट दिसली, पण ती कमी होती, आणि ही बारीक नोंद वगळून या अभ्यासाच्या बातम्या छापल्या गेल्या हे सांगितलेच पाहिजे. लिंग झाकता येण्याची ही सोय मुळात इंग्रजीची देणगी आहे. आद्याक्षरांच्या आड राहून इंग्रजीत वर्षानुवर्षे चर्चा करता येते. मराठीत मात्र 'बघतो' की 'बघते', 'पाठवतो' की 'पाठवते', हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते, आणि 'दुरुस्ती केली', 'दोष सापडला' अशा भूतकाळी रचनांचा आडोसा घेऊन फार दूर जाता येत नाही.

काम तपासताना वापरल्या जाणाऱ्या भाषेच्या कठोरपणाचा वादही येथेच येतो. लिनक्सचा गाभा असलेल्या 'कर्नल'च्या विकासात अपमानास्पद उत्तरे देण्याची रीत दीर्घकाळ स्पष्टवक्तेपणा म्हणून खपत होती. २०१८ च्या सप्टेंबरात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागून काही आठवडे रजा घेतली आणि त्याच वेळी प्रकल्पाने कोरलिन अ‍ॅडा एमकी यांनी २०१४ मध्ये रचलेल्या मसुद्यावर आधारलेली आचारसंहिता स्वीकारली. सौजन्याच्या नियमांनी गुणवत्ता बुडेल, असे भाकीत तेव्हा अनेकांनी केले; पण कर्नलची ४.१९ ही आवृत्ती ऑक्टोबरात टोरवाल्ड्स यांचे सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या देखरेखीखाली बाहेर पडली आणि नंतरच्याही पडत राहिल्या.

अर्थात नियम लिहून काढले की काम झाले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. लिनक्सवर आधारित संपूर्ण संगणकप्रणाली तयार करणाऱ्या डेबियन या प्रकल्पाला १९९८ पासून लिखित राज्यघटना आहे, नेत्याची दरवर्षी मतदानाने निवड होते, सदस्यत्वाची पायरीपायरीची प्रक्रिया आहे. आणि तरीही स्त्रियांना वाट दाखवण्यासाठी 'डेबियन विमेन' हा स्वतंत्र गट २००४ मध्ये उभारावा लागला. केरळच्या श्रुती चंद्रन यांनी २०२० आणि २०२१ मध्ये नेतेपदाची निवडणूक लढवली, पण त्या दोन्ही वेळी त्यांना ते मिळाले नाही. घटना मतदाराला मत देते. मतदार कसे व्हावे हे नवख्याच्या शेजारी बसून शिकवणारे माणूस ती देत नाही. उलट पायथन भाषेच्या अमेरिकेतील वार्षिक परिषदेत २०११ मध्ये वक्त्यांपैकी सुमारे १ टक्का स्त्रिया होत्या, त्या २०१६ मध्ये सुमारे ४० टक्के झाल्या, आणि त्यामागे मोठा वाटा होता तो प्रस्ताव पाठवण्याचा आग्रह स्त्रियांना व्यक्तिशः पत्रे लिहून करण्याचा.

आणखी एक हिशेब यात राहून जातो, तो म्हणजे काम कशाला म्हणावे याचा. प्रकल्पातील प्रतिष्ठा बहुधा 'कमिट'वर, म्हणजे संहितेत नोंदलेल्या बदलांच्या संख्येवर, ठरते. पुण्यात बसून नोम आणि फेडोरा यांसारख्या प्रकल्पांचे मराठी रूप घडवणाऱ्यांनी हजारो वाक्ये मराठीत आणली; 'यूझर'ला 'वापरकर्ता' करताना तो पुल्लिंगीच का, हा प्रश्नही त्यात येतोच. परंतु शेकडो वाक्यांचा अनुवाद एकाच धारिकेत राहतो आणि एकाच नोंदीने, अनेकदा समन्वयकाच्या हातून, प्रकल्पात जातो. नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, भांडणे मिटवणे यांचे तर कमिट होतच नाही. कर्नलच्या नोंदींत मात्र बदल कोणी लिहिला याखेरीज दोष कोणी कळवला, कोणी तपासला, कोणी चाचणी घेतली यांच्यासाठी वेगळ्या ओळी पूर्वीपासून असतात, आणि त्या ओळींवरून दर आवृत्तीची नावनिशीवार आकडेवारी काढली जाते. नवख्याला कोणी शिकवले, यासाठी त्यांत ओळ नाही.