समान नजर, समान वाटा?



आजचं वाचन : गीता, अध्याय ५, श्लोक १८. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने तळाला ढकललेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस समदृष्टीने पाहतो, असं भगवंत सांगतात.

यातून "सगळ्यांना सारखंच द्या" असा अर्थ पटकन काढला जातो. पण श्लोक पाहण्याबद्दल आहे, वाढण्याबद्दल नाही. हत्तीला आणि कुत्र्याला एकाच मापाने घातलं तर हत्ती उपाशी राहील. (आमच्या कामातही सगळ्या सर्व्हरवर डोळे मिटून सारखा लोड टाकला, की लहान सर्व्हर कोलमडतो आणि मोठा रिकामा बसतो.)

आता झेडपीच्या शाळेतला गणिताचा तास बघा. एखाद्या मुलीची गणितं दहा मिनिटांत होतात. मग? "गप्प बस", नाहीतर "बाकीच्यांच्या वह्या तपास". चाळीस मुलं सांभाळणाऱ्या बाईंना तरी काय बोलणार! शहरातली तशीच मुलगी क्लासला जाते, ऑलिम्पियाडला बसते. समतेच्या नावाखाली सरकारी शाळेने हुशार मुलांसाठी वेगळं काही केलं नाही, तर पैसेवाल्यांचं काहीच अडत नाही. अडतं ते शेतमजुराच्या मुलीचं.

म्हणून मला नवोदय विद्यालयांची कल्पना मनापासून पटते. पहिली दोन १९८५-८६ मध्ये निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीत. परीक्षा देऊन सहावीत प्रवेश, राहणं-जेवण-शिक्षण मोफत, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना.

पण इथेच श्लोक टोचतो. सहावीला जागा जास्तीत जास्त ८०. ऐंशीव्याला वसतिगृह, प्रयोगशाळा, ग्रंथालय. एक्क्याऐंशीवा त्याच जुन्या बाकावर परत, वर "नंबर लागला नाही" हा शिक्का. दोघांच्या बुद्धीत फरक किती, तर एखाद्या प्रश्नाचा. त्यात आता या परीक्षेचेही क्लास निघालेत, म्हणजे फी भरणारा तिथेही पुढे.

नवोदय बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही. पण समदृष्टीची खरी परीक्षा मला एक्क्याऐंशीव्याच्या वर्गात दिसते. पाचवीतल्या मुलीला गणिताच्या तासापुरतं सातवीत बसू द्यायला इमारत लागत नाही. आणि तिच्याच वर्गात ज्याला हातच्याची वजाबाकी अजून जमत नाही, त्याच्यापुढे त्या तासाला दुसरीचं पुस्तक उघडायलाही नाही.