‘म्हणे’ कोणाचे?



अभंगाच्या शेवटच्या चरणात संतांचे नाव येते आणि त्याला लागून बहुधा ‘म्हणे’ हे क्रियापद येते. याला आपण मुद्रा म्हणतो. मुद्रा दिसायला लहान. पण कागदावर साक्षीदाराची सही, तशी ती अभंगात असते. हे मी पाहिले, हे मी भोगले, याचा जाब मला विचारा, असा तिचा अर्थ.

हल्ली मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला नुसता विषय सांगावा, की पापणी लवते न लवते तोच ती अभंग जुळवून देते. आर्वीकडच्या एका सप्ताहात एका तरुण टाळकऱ्याने मला विचारले, “महाराज, अभंग तं यंत्रानं जुळवून देल्ला. आता शेवटी ‘म्हणे’ कोनाचं टाकू?” प्रश्न थट्टेचा नाही. त्याचा विचार शास्त्रदृष्टीने झाला पाहिजे.

हे यंत्र करते काय? त्याला अफाट मजकूर वाचायला घातलेला असतो. त्यात आपल्या संतांचे शब्दही आले. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो, याचा हिशेब त्यावरून त्याच्यात बसतो, आणि त्या हिशेबाने ते पुढचा शब्द मांडते. विठ्ठलामागून वीट येते हे त्याला कळते. पण विटेवर डोके टेकल्यावर काय होते, ते कळायला डोके लागते.

व्याकरणात कर्ता आणि करण वेगळे. जो स्वतंत्र तो कर्ता. त्याच्या हातातले साधन ते करण. कुऱ्हाडीने लाकूड तोडले तर तोडणारा माणूस, कुऱ्हाड करण. पण येथे शब्द निवडले यंत्राने, आणि यंत्राला इच्छा नाही. माणसाला इच्छा आहे, पण त्याने शब्द निवडले नाहीत. म्हणजे शब्द आहेत आणि म्हणणारा कोणी नाही! मग ‘म्हणे’ कोणाच्या नावाला जोडावे?

आपल्या संप्रदायात लेखनिकांची परंपरा मोठी. शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी झाली, तेव्हा माउली बोलत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहीत होते. तुकोबारायांचे अभंग संताजी जगनाडे यांनी लिहून ठेवले. यांपैकी कोणी त्या शब्दांवर आपली मुद्रा उमटवली नाही. उलट ज्ञानेश्वरीच्या शेवटी लेखक कोण, याची आदराने नोंद आहे. बोलणाऱ्याचे ते बोलणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याचे ते लिहिणाऱ्याला, असा हा चोख व्यवहार. आज उलटे झाले. यंत्र सांगते, माणूस उतरून घेतो, आणि मुद्रा मात्र आपली घालतो.

यावर कोणी म्हणेल, “महाराज, संतसुद्धा म्हणतात की बोल माझे नाहीत, पांडुरंगच बोलवतो. मग यंत्राने बोलवले तर बिघडले कोठे?” पूर्वपक्ष चांगला आहे, पण दिशा उलटी आहे. संतांनी जन्मभर सोसून मिळवलेले शब्द देवाच्या पायी ठेवले. आपले असून आपले म्हटले नाही, ही निरहंकारता. हा गृहस्थ आपले नसून आपले म्हणतो. ते कर्तृत्व सोडत होते, हा नसलेले कर्तृत्व अंगावर घेतो.

संतांची मुद्रा घालणे तर त्याहून घातक. कीर्तनात आपण अभंग प्रमाण म्हणून देतो. न्यायशास्त्रात शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा. ज्याने वस्तू जाणली आणि जशी जाणली तशी सांगितली, त्याचा. यंत्र आप्त नव्हे. ते खोटे बोलते असेही नाही. खऱ्याखोट्याची त्याला चाडच नाही. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात काही वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निवाडे दाखल केले. शोधू गेले तर तसे निवाडे झालेलेच नव्हते! न्यायाधीशांनी ५००० डॉलर दंड केला. कीर्तनाच्या मंडपात दंड करणारा कोणी नसतो. तेथे बनावट प्रमाण श्रोत्यांच्या वहीत जाते, वहीतून नातवाच्या तोंडी जाते, आणि पन्नास वर्षांनी कोण निवडणार? एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी मिसळू नये, असे बजावले. तेव्हा मिसळणारा निदान एकेक ओवी हाताने लिहीत होता. आता दिवसाला हजार होतील.

म्हणून यंत्र टाकून द्यावे काय? तसे नाही. छापखाना आला तेव्हा गाथा घरोघरी गेली. ध्वनिक्षेपक आला, तोही आपण घेतला. आपल्या वऱ्हाडातले माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. दुसऱ्यांनी वाचून दाखवावे, महाराजांनी सांगावे, दुसऱ्यांनी लिहावे. अशा रीतीने शंभरावर ग्रंथ झाले. डोळे आणि हात दुसऱ्याचे, पण विचार महाराजांचा. यंत्राने अंधाला पोथी वाचून दाखवावी, थरथरत्या हाताचे बोलणे टिपून घ्यावे, अवघड शब्दाचा अर्थ सुचवावा. हे करणाचे काम आहे, खुशाल घ्यावे. मात्र त्याने दिलेला अभंग छापील गाथेत डोळ्यांनी पाहिल्यावाचून प्रमाण म्हणून देऊ नये. त्याची रचना म्हणायचीच असेल, तर ही यंत्राने जुळवलेली, असे आधी सांगावे. आणि तिला संतांची मुद्रा कधीही घालू नये.

नदीपलीकडच्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीमातेची पालखी आषाढीला पंढरपुरास पायी जाते. एखादा मोटारीने गेला तरी देव त्याला दर्शन नाकारत नाही. मोटारीत पाप नाही. पण मोटारीतून उतरून “मी पायी आलो” असे म्हणून वारकऱ्यांकडून पाया पडून घेणे, हे पाप आहे. शिवाय त्याचा स्वतःचा तोटा निराळाच. वाटेतला चिखल, पायांचे फोड, अनोळखी माउलीने दिलेली भाकर, त्यातच वारी होती. अभंगाचेही तसेच. शब्द अडतो, रात्र जाते, अहंकार गळतो, तेव्हा कोठे एक चरण उतरतो. तो मोडकातोडका असला तरी चालेल. त्याच्या शेवटी आपले नाव घालून ‘म्हणे’ म्हणताना जीभ अडखळणार नाही.

रामकृष्णहरि.