दिव्याची काजळी

संतसज्जनहो, पूर्वी घरोघर तेलाचा दिवा असे. वात वाजवीपेक्षा मोठी झाली की काजळी आपल्याच कोनाड्याला धरायची. म्हणून निजण्यापूर्वी घरातली म्हातारी आठवणीने दिवा शांत करी. आता विजेचा दिवा आला. त्याची काजळी आपल्याला दिसत नाही, एवढेच! मग ती पडते कुठे? चंद्रपूर, कोराडीकडे, जिथे कोळसा जाळून वीज करतात, तेथील लेकरांच्या अंगणात.

रिकाम्या खोलीत ७५ वॅटचा पंखा १३-१४ तास फिरला की एक युनिट खर्ची पडले; आणि कोळशाच्या विजेत तेवढ्यासाठी अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. त्या धुराने हवा तापते, पाऊस बेभरवशाचा होतो, आणि पेरणी करून वारीस निघणाऱ्या आपल्याच माणसांचे डोळे आभाळाला लागतात.

आम्ही एकादशीला अन्न सोडतो, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपून चालतो. आणि हरिपाठाला देवळात बसलो असता घरी दोन दिवे नि पंखा चालूच! हे आमचेच घडलेले सांगतो, दुसऱ्याचे नव्हे. बिल भरले म्हणजे दोष फिटला काय हो? पैसा आपला, पण हवा-पाणी सर्वांचे, पांडुरंगाचे.

तर नेम एवढाच धरू: खोलीतून उठताना बटण बंद, जुन्या ६० वॅटच्या दिव्याऐवजी ९ वॅटचा एलईडी, दिवसा खिडकी उघडी. गळ्यात माळ आहे, मग हाताला एवढे जड का व्हावे? सर्वांभूती देव पाहणे ते हेच.

रामकृष्णहरि!