रूपाचे मोल आणि माणसाचे मूल्य

२०१७ सालच्या फेब्रुवारी महिन्यात महाराष्ट्रात एका पाठ्यपुस्तकावरून वादळ उठले. बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात हुंड्याच्या कारणांची चर्चा केलेली होती आणि त्या कारणांत मुलीची कुरूपता व अपंगत्व यांचीही गणना होती. मुलगी कुरूप असेल तर तिचे लग्न जमणे अवघड जाते, वरपक्ष अधिक हुंडा मागतो आणि हतबल झालेले आईबाप तो देतात, असा त्या मजकुराचा आशय होता. सर्व बाजूंनी टीका झाली आणि तो मजकूर वगळण्याचे सरकारने मान्य केले. मजकूर गेला, परंतु त्याने उभा केलेला प्रश्न गेला नाही. राज्य मंडळाच्या लातूर विभागात लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे मोडतात. येथील सतरा-अठरा वर्षांच्या एखाद्या मुलीला परीक्षेत हे ‘कारण’ स्वतःच्या हाताने लिहावे लागले असेल, तर लिहिताना तिला काय वाटले असेल, हा विचार आम्हांस आजही अस्वस्थ करतो.

त्या वेळी काही सुज्ञ मंडळींनी पुस्तकाची बाजूही घेतली होती. लेखकाने खोटे काय लिहिले, असा त्यांचा सवाल होता. समाजात जे चालते तेच त्याने सांगितले. आरशावर रागावून काय उपयोग? हा सवाल सहज झटकून टाकण्याजोगा नाही. आमच्या मराठवाड्यात स्थळे कशी पाहिली जातात, हे ज्यांना ठाऊक आहे ते त्या वाक्यांतील वस्तुस्थिती नाकारू शकणार नाहीत. मग चूक नेमकी कोठे होती?

आमच्या मते ती चूक कारण कोणाच्या माथी मारले यात होती. एक उदाहरण घेऊ. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या अनुयायांसह प्राशन केले. त्यापूर्वी त्या तळ्यावर या लोकांना मज्जाव का होता, या प्रश्नाचे उत्तर कोणी ‘ते अस्पृश्य होते म्हणून’ असे दिले, तर आपण ते स्वीकारू काय? अस्पृश्यता हा त्या माणसांच्या अंगचा गुण नव्हताच. स्पर्श नाकारणाऱ्याच्या मनात तिचे घर होते. कारण तेथे होते आणि लाज वाटायची तर तीही तेथेच वाटायला हवी होती. कुरूपतेचेही तसेच आहे. उंची सेंटीमीटरमध्ये मोजता येते, वजन किलोमध्ये सांगता येते. परंतु ‘कुरूप’ हे मोजमाप नसून पाहणाऱ्याने दिलेला निवाडा आहे. हुंडा मागितला जातो तो मागणाऱ्याच्या लोभामुळे. मुलीचा चेहरा ही केवळ त्या लोभाला सापडलेली सबब होय.

हा निवाडा बाहेर राहिला असता तर दुःख निम्मे झाले असते. किशोरवयाचे वैशिष्ट्य असे की या वयात दुसऱ्याचा डोळा मनात येऊन बसतो. लहान मूल आरशात पाहून वाकुल्या दाखविते. चौदा वर्षांची मुलगी त्याच आरशात आत्याच्या, शेजारणीच्या, वर्गमैत्रिणीच्या नजरेने स्वतःला पाहू लागते. ही नजर तिला मुख्यतः आपण देतो आणि ती देताना आपल्याला त्याचे भानही नसते. “उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील,” हे वाक्य लातूरच्या एप्रिलमधील उन्हात प्रेमापोटीच उच्चारले जाते. “थोरली उजळ आहे, धाकटी जरा सावळी,” हे पाहुण्यांपुढे सहज बोलले जाते आणि धाकटी दाराआडून ते ऐकत असते.

आपली मराठी भाषाच येथे एक सापळा मांडून बसली आहे. ‘उजळ’ हा शब्द प्रकाशाचा आहे आणि कातडीच्या रंगाचाही. उजळ माथ्याने वावरणे म्हणजे निष्कलंकपणे वावरणे. आणि ज्याची अप्रतिष्ठा झाली त्याचे तोंड काळे झाले, असे आपण म्हणतो. वर्ण आणि अब्रू यांची अशी गाठ भाषेनेच मारून ठेवली, तर सावळ्या मुलीला आपण कोणत्या तरी अपराधाचे ओझे घेऊन जन्मलो असे वाटू लागले, यात नवल ते काय? आणि हे कोठे? ज्या मुलुखातून वारकऱ्यांच्या दिंड्या पंढरीच्या काळ्या पाषाणातील मूर्तीसाठी पायी चालत जातात, त्याच मुलुखात! देवाच्या ठायी जो रंग मनोहर वाटतो, तोच लेकीच्या ठायी उणीव ठरतो.

सौंदर्याचे मापदंड निसर्गाने घालून दिलेले असते तर ते इतक्या लवकर बदलले नसते. फिजी बेटांवर भरल्या अंगाची बाई सुखवस्तू घरातील व देखणी समजली जाई. तेथील एका भागात १९९५ साली टेलिव्हिजन आला. अ‍ॅन बेकर या अमेरिकन संशोधिकेने तेथील शाळकरी मुलींची पाहणी त्या वर्षी केली व १९९८ साली पुन्हा केली. खाण्याविषयी विकृत वृत्ती दर्शविणाऱ्या मुलींचे प्रमाण त्या अवघ्या तीन वर्षांत १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते. पिढ्यान्‌पिढ्यांची आवड एका पडद्याने तीन वर्षांत उलटी केली. तो पडदा निदान बैठकीच्या खोलीत असे. आजचा पडदा मुलांच्या तळहातावर आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे लातुरात आणि तिच्या पाठोपाठ नांदेडात हजारो मुले-मुली घर सोडून शिकवणीसाठी येऊन राहतात. दिवसभर पुस्तक आणि रात्री वसतिगृहाच्या खोलीत मोबाईल, असा त्यांच्यापैकी अनेकांचा क्रम असतो. २०२१ साली फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघडकीस आली. स्वतःच्या शरीराविषयी आधीच खिन्न असणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ही खिन्नता वाढते असे सांगितल्याची नोंद कंपनीच्याच संशोधनात होती.

या खिन्नतेवर व्यापार चालतो, हे वेगळे सांगायला नको. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ साली बाजारात आले; २०२० साली त्याच्या नावातील ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आले. मुलग्यांसाठीही २००५ साली ‘फेअर अँड हँडसम’ निघाले होतेच. नावाजलेल्या मालाहूनही घातक असतो तो बिननावाच्या डबीतील माल. अकोल्याच्या एका कुटुंबातील तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण यांच्या मूत्रपिंडांना गोरेपणाच्या मलमामुळे इजा झाल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासण्यांतून निष्पन्न झाले. ती बातमी २०२३ च्या जानेवारीत आली. त्या मलमात पारा होता. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा काही दिवस उजळतो. परंतु तोच पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडे निकामी करू लागतो. स्टेरॉइडयुक्त मलमांचीही कथा अशीच आहे. ती लावली की काही दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ उठते. म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. मुलगेही या जाचातून सुटलेले नाहीत. दंड फुगविण्यासाठी व्यायामशाळेतील कोणा अर्धवट जाणकाराच्या सल्ल्याने भुकट्या आणि इंजेक्शने घेणारी कोवळी मुले आपल्याही घरांत असू शकतात.

या मुलांना आपण काय सांगतो? दोन उत्तरे आपल्या ओठांवर तयार असतात. पहिले, “सगळेच सुंदर असतात.” दुसरे, “खरे सौंदर्य मनाचे.” दोन्ही उत्तरे सद्‌हेतूची आहेत, परंतु दोन्ही अपुरी आहेत. पहिले उत्तर मुलांना पटत नाही, कारण वर्गातील कोणाचे रूप डोळ्यांत भरते हे त्यांना चांगले दिसत असते. शिवाय त्या उत्तरात एक छुपी कबुली आहे. माणसाला मान मिळण्यासाठी सुंदर असावेच लागते, हे त्यात मान्य केलेले असते. फक्त परीक्षेत सर्वांना उत्तीर्ण करून टाकलेले असते. दुसरे उत्तर तत्त्वतः खरे आहे, परंतु ते कोणाला दिले जाते पाहा. देखण्या मुलीला मनाच्या सौंदर्याचा उपदेश सहसा कोणी करीत नाही. तो सावळ्या, जाड, मुरुमांच्या मुलीच्या वाट्याला येतो आणि तिला त्यातून नेमका तोच निवाडा ऐकू येतो.

या पेचातून बाहेर पडण्याची वाट आम्हांस इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाच्या एका भेदात दिसते. १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात त्याने मोल आणि प्रतिष्ठा यांत फरक केला. ज्याच्या जागी त्याच तोलाचे दुसरे काही ठेवता येते, त्याला मोल असते. ज्याच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही, त्याला प्रतिष्ठा असते आणि ती मनुष्याच्या ठायी आहे. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा ढीग ओतला जातो. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, ओलावा पाहतो, डागी दाणे पाहतो आणि भाव बोलतो. त्यात काही अधर्म नाही, कारण दाण्यांना भावच असतो. पोलीस भरतीत मुलाची उंची १६५ सेंटीमीटर भरते की नाही हे मोजतात, तेही गैर नव्हे. ते एका कामासाठीचे माप आहे. जो त्यात उणा पडला तो त्या नोकरीला मुकला, माणूसपणात उणा पडला नाही. अधर्म तेव्हा घडतो, जेव्हा कांदेपोह्यांच्या बैठकीत मुलगी चालवून पाहिली जाते, तिचा वर्ण पारखला जातो आणि दाण्यांसारखाच तिचाही भाव बोलला जातो. त्याच २०१७ सालच्या एप्रिलमध्ये लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या मुलीने, आपल्या लग्नाचा खर्च वडिलांना झेपणार नाही या दुःखाने जीवन संपविले. तेथे रूपाचा प्रश्न नव्हता. तरीही माणसाला भाव लावण्याची रीत किती दूरवर पोहोचते, हे त्यावरून कळते.

सौंदर्य खोटे आहे, असा याचा अर्थ नव्हे. बायबलमध्ये संदेष्टा शमुवेल इशायाच्या पुत्रांतून राजा निवडावयास जातो, तेव्हा थोरल्याचा उंचनिंच बांधा पाहून तो भुलतो. माणूस बाहेरचे पाहतो, परमेश्वर अंतःकरण पाहतो, असे त्याला बजावले जाते. हे आपण सर्वांनी ऐकलेले असते. पण थोडे पुढे, त्याच अध्यायात, निवडला गेलेला धाकटा दावीद दिसायला देखणा होता असेही मोकळेपणी सांगितले आहे. पवित्र शास्त्र रूपाचा तिरस्कार करीत नाही. रूप हे देणे आहे, फुलासारखे. पाहून आनंद मानावा. निवडीची कसोटी मात्र ते नव्हे, एवढेच त्या कथेला सांगावयाचे आहे.

आपल्या घरांतील पवित्र चित्रांकडेही एकदा निरखून पाहावे. त्यांतील मरियामाता बहुधा गोरीपान, निळ्या डोळ्यांची असते. गोव्यात सांतु इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात शिकून आले आणि त्यांनी मरियेला आपल्याकडील गव्हाळ-सावळ्या वर्णाची, लुगडे नेसलेली अशी रंगविले. त्यासाठी त्यांना गोव्यात स्वधर्मीयांचाच रोष पत्करावा लागला. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून, १९६७ साली निधन होईपर्यंत ते चित्रे काढीत राहिले. लोकांचा आक्षेप कशाला होता, याचा विचार करावा. आपल्या आईबहिणींसारखी दिसणारी स्त्री प्रभूची माता म्हणून लोकांना पाहवली नाही. मग आपल्या मुलींनी स्वतःच्या रंगात पावित्र्य आणि शोभा पाहावी, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

आता एक व्यावहारिक अडचण. एखादी आई म्हणेल, “फादर, हे सारे खरे, पण उद्या माझ्या मुलीला पाहायला येणारे कांट वाचून येणार नाहीत. ते रंगच विचारतील. मी मलम आणले तर माझे काय चुकले?” त्या आईला दोष देण्याचे धाडस आमच्याने होणार नाही. अन्यायाच्या बाजारात लेकीला उघडी कशी टाकावी, ही तिची चिंता प्रेमाची आहे. पाऱ्याच्या डबीपासून तिला परावृत्त करणे हे आपले कर्तव्य आहेच. परंतु बाजार मोडण्याची जबाबदारी जिचा भाव केला जातो तिच्यावर टाकणे हा अन्यायावर अन्याय होईल. कारण पाहणाऱ्याच्या ठायी आहे, असे आम्ही आरंभी म्हटले. तर कर्तव्याचा भारही पाहणाऱ्यावरच पडतो. ज्यांच्या घरी मुलगे आहेत, त्यांच्यावर तो सर्वांत अधिक पडतो.

म्हणून आमची विनंती मुलाच्या आईवडिलांना आहे. स्थळाची चौकशी करताना रंग विचारू नका आणि मध्यस्थाने आपण होऊन सांगितला तर त्याला थांबवा. विवाहविषयक जाहिरातीत ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द घालू नका; ‘शादी डॉट कॉम’सारख्या व्यापारी संस्थेलाही २०२० साली वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकावी लागली. मुलगा बहिणीच्या वजनावरून किंवा वर्गातल्या मुलीच्या रंगावरून थट्टा करीत असेल, तर ती हसण्यावारी नेऊ नका. उद्याचा वर तेथेच घडत असतो. आणि मुलगी असो वा मुलगा, आज पोटभर जेवलास का, किती धावलास, काय वाचलेस, कोणाच्या उपयोगी पडलास, हे विचारण्याची सवय घराला लागली, तर आरशाचे प्रश्न आपोआप थोडे मागे पडतात.

पाठ्यपुस्तकातील ती वाक्ये वगळण्यास सरकारचा एक आदेश पुरतो. घरातल्या बोलण्यातून ती वगळण्याचा अधिकार मात्र कोणत्याही मंडळाकडे नाही; तो आपल्याकडे आहे. येत्या लग्नसराईत आपल्यापैकी अनेकजण मुली पाहावयास जातील. तेथे आपण काय विचारतो आणि काय विचारीत नाही, हे आतल्या खोलीतून कोणीतरी ऐकत असेल.