रोग्याचे दप्तर आणि त्याची किल्ली

मनुष्याच्या मालकीच्या वस्तूंची यादी करावयास बसले, तर घर, शेत, दागिने, पुस्तके, बँकेतील ठेव अशी ती सहज लांबत जाते. परंतु त्याच्या स्वतःच्या शरीराविषयी दुसऱ्याने लिहून ठेवलेली माहिती या यादीत घालावयाची की नाही, असे कोणी विचारले, तर विचारी मनुष्यही क्षणभर अडखळेल. रक्त आपले आणि त्यातील साखरही आपलीच. पण ती मोजली प्रयोगशाळेने, तिचा अर्थ लावला डॉक्टरांनी, आणि तो अर्थ ज्यावर लिहिला तो कागद पडून असतो रुग्णालयाच्या कपाटात. मग हा कागद कोणाचा म्हणावयाचा? आजवर हा प्रश्न बहुधा वकिलांच्या चर्चेपुरता होता. आता कपाटातील कागद मोबाइलमध्ये येऊ लागल्यामुळे तो प्रत्येक घरात शिरला आहे, आणि त्याचा निर्णय केवळ कायद्याचे पुस्तक उघडून होणार नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम जुनी व्यवस्था कशी होती ते पाहू. माळशिरस तालुक्यातील आमच्या वेळापूरसारख्या गावी कोणाही घरात डोकावले, तर खुंटीला अडकविलेली एक पिशवी हमखास आढळते. तिच्यात क्ष-किरणांचे फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या, रक्ततपासणीचे अहवाल एकमेकांत मिसळून पडलेले असतात. दुखणे थोडे असले तर अकलूजला, अधिक असले तर पंढरपुरास किंवा सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयात ही पिशवी रोग्याबरोबर जाते. नेमका हवा तो कागद तिच्यात सापडत नाही, आणि मग तीच तपासणी पुन्हा, तेच पैसे पुन्हा, असा प्रकार घडतो. या पिशवीचा एक गुण मात्र विसरता कामा नये. ती कोणी उघडली हे घरात सर्वांना दिसत असे, आणि रोगी नको म्हणाला तर ती उघडता येत नसे.

रोग्यास आपले कागद मिळावेत हे तत्त्व आपल्याकडे अगदी नवीन नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारनियमांप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवणे आणि त्याने मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. परंतु मागावयाचे कोणी, कोणत्या धैर्याने? खेड्यातून आलेला मनुष्य डॉक्टरांपुढे हात जोडून उभा राहतो. नियमाचे कलम सांगत नाही.

या स्थितीत सरकारने नवी योजना पुढे आणली. १५ ऑगस्ट २०२० रोजी तिची घोषणा झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने ती देशभर सुरू झाली. तीत नाव नोंदविणाऱ्यास १४ अंकांचा ‘आभा’ क्रमांक मिळतो. पुष्कळांची अशी समजूत आहे की सर्व लोकांच्या दुखण्यांचे कागद दिल्लीतील एखाद्या मोठ्या कोठारात नेऊन भरले जातात. योजनेची रचना तशी नाही. कागद जेथे तयार झाला त्या रुग्णालयापाशीच राहतो. क्रमांकामुळे तो कोठे आहे हे कळते, आणि दुसऱ्या डॉक्टरांनी मागितला असता रोग्याच्या संमतीने तो त्यांच्यापुढे येतो. ही संमती ठराविक कागदांपुरती, ठराविक मुदतीपुरती देता येते व मागेही घेता येते. म्हणजे तत्त्वतः कपाट रुग्णालयाचे राहिले, पण किल्ली रोग्याच्या हाती आली.

या व्यवस्थेचे महत्त्व वेळापूरकरांना समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून येऊन येथे मुक्कामास असते. मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून आलेली वृद्ध माणसे त्या दिवशी आपल्या गावापासून शेकडो मैल दूर असतात. त्यांतील एखाद्याला रात्री छातीत कळ आली आणि शुद्ध हरपली, तर त्याला मधुमेह आहे काय, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय, कोणत्या औषधाने त्याला पूर्वी अपाय झाला होता, हे तरुण डॉक्टरांना कोण सांगणार? दिंडीतील सोबती त्याचे अभंग जाणतात; त्याच्या गोळ्या जाणत नाहीत. वारीत आपण सर्व विठ्ठलाच्या भरवशावर निघतो हे खरे. पण उशाशी बसलेल्या डॉक्टरांना भरवशापेक्षा माहिती हवी असते. अशा वेळी वेळेवर मिळालेली एक ओळ प्राण वाचवू शकते. तेव्हा, माझे दुखणे माझे, ते कोणालाही दिसता कामा नये, असा टोकाचा आग्रह धरणाऱ्याने या वारकऱ्याचा विचार अवश्य करावा. सर्वांपासून लपविलेली माहिती संकटकाळी आपल्यालाही उपयोगी पडत नाही.

उलट पक्षाचेही म्हणणे ऐकावे लागेल. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला आणि पुढे जवळजवळ दोन आठवडे तेथील पुष्कळसे काम पुन्हा कागद-पेनाने चालवावे लागले. देशातील अग्रगण्य संस्थेची ही गत, तर लहान रुग्णालयांचे काय, ही शंका निराधार नाही. परंतु चोरीचे भय हे कुलूप अधिक मजबूत करण्याचे कारण आहे. तेवढ्यावरून घर बांधूच नये असे ठरत नाही. यंत्रातील दोष यंत्रज्ञांनी सुधारावेत. आमच्या मते खरा नैतिक प्रश्न यंत्राच्या पलीकडे आहे.

तो असा. दप्तर कोणाचे, या प्रश्नाला आपण मालकीच्या भाषेत उत्तर देऊ पाहतो आणि तेथेच फसतो. शेताचा मालक शेत विकू शकतो, गहाण टाकू शकतो, पडीक ठेवू शकतो. दुखण्याची माहिती त्या जातीची वस्तू नव्हे. ती निर्माणच मुळी एका विश्वासातून होते. जे आपण सख्ख्या भावाला सांगत नाही, ते आपण डॉक्टरांना सांगतो. जे अंग कोणाला दाखवीत नाही, ते त्यांना दाखवितो. आणि हे आपण एका अटीवर करतो: हे ज्ञान माझ्या बऱ्याकरिता वापरले जाईल. म्हणून रोग्याचे दप्तर ही मालमत्ता नसून ठेव आहे. रुग्णालय, प्रयोगशाळा, सरकार, यांपैकी कोणीही तिचा मालक नाही. ते सारे ठेव सांभाळणारे आहेत.

हा विचार आम्ही पश्चिमेकडून उसना आणलेला नाही. हिपॉक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत रोग्याची गुपिते राखण्याचे वचन आहे हे सर्वश्रुत आहे. पण चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, वैद्य होऊ इच्छिणाऱ्या शिष्यास जो उपदेश केला आहे, त्यातही रोग्याच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत अशी स्पष्ट आज्ञा आहे. दोन दूरच्या संस्कृतींतील वैद्यांना एकच गोष्ट आवश्यक वाटली, याचे कारण उघड आहे. विश्वास नसेल तेथे रोगी खरे सांगणार नाही, आणि खरे कळल्यावाचून औषध लागू पडणार नाही.

परंतु ठेव म्हटली तरी तिलाही मर्यादा आहे, आणि ती आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढील १९९८ सालच्या एका निकालात प्रखरपणे पुढे आली. एका मनुष्याला एच. आय. व्ही. ची लागण झाल्याचे रक्तदानाच्या निमित्ताने उघडकीस आले. रुग्णालयाकडून ती गोष्ट बाहेर गेली. त्याचे ठरलेले लग्न मोडले. गुप्ततेचा भंग झाला म्हणून तो न्यायालयात गेला. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला नाही. जिच्याशी त्याचा विवाह व्हावयाचा होता तिच्या जिवाचाही हक्क आहे, असे म्हटले. पुढे २०१७ साली संसदेने या रोगासंबंधी जो कायदा केला, त्यात हा तोल अधिक विचारपूर्वक साधलेला दिसतो. संमतीवाचून माहिती उघड करू नये हा नियम. जोडीदारास खरोखर धोका असेल, आणि समजावूनही रोगी स्वतः सांगणार नाही अशी डॉक्टरांची खात्री झाली, तर रोग्यास पूर्वसूचना देऊन जोडीदारास सांगता येते, हा अपवाद. यातील पूर्वसूचनेची अट आम्हांस मोलाची वाटते. दुसऱ्याचे गुपित उघड करण्याची पाळी आलीच, तर ते त्याच्या पाठीमागे करू नये.

येथवर आपण रुग्णालय, न्यायालय आणि सरकार यांच्याविषयी बोललो. कारण त्यांच्याविषयी बोलणे सोपे असते. आता स्वतःच्या घरात येऊ.

किल्ली रोग्याच्या हाती आली असे वर म्हटले. पण प्रत्यक्षात ती कोठे आहे? ती मोबाइलमध्ये आहे. संमतीची खूण म्हणून येणारा ओटीपी, तो घडीभराचा संकेतांक, ज्याच्या हाती मोबाइल त्याच्याकडे येतो. एकाच मोबाइल क्रमांकावर घरातील अनेकांची आभा खाती उघडता येतात, आणि सोयीसाठी पुष्कळ घरांत तसेच केले जाते. आजोबांचे, आजींचे, नव्या सुनेचे, सर्वांचे खाते मुलाच्या क्रमांकावर. मग आजींनी कोणती तपासणी केली हे आजींना कळण्याआधी मुलाला कळते. लग्नापूर्वी क्षयाचे औषध घेऊन पूर्ण बरी झालेली मुलगी सासरी येते, आणि तिच्या जुन्या कागदांची किल्ली तिच्या नकळत दुसऱ्याच्या खिशात असते. बरा झालेला क्षय हा बराच झालेला असतो. पण ‘तिला तेव्हा काही होते म्हणे’ या वाक्याला औषध नाही.

यावर आमच्यातील पुष्कळ सज्जन म्हणतील: “अहो प्रोफेसरसाहेब, कुटुंबात कसली आली गुप्तता? ही व्यक्तिस्वातंत्र्याची थेरे साहेबांच्या देशात शोभतात. आपल्याकडे नवराबायको एकजीव असतात.” वेळापुरास तर या म्हणण्याला दगडी पुरावाच आहे; येथील प्राचीन देवालय अर्धनारीनटेश्वराचे आहे. ही कल्पना उदात्त आहे यात शंका नाही. परंतु दोन जीव एक होतात ते स्वेच्छेने, आणि एक झाल्यावरही त्यांतले कोणतेच अर्धे दुसऱ्यात नाहीसे होत नाही. शिवाय संसारात ज्वर येतो तो एकाच अंगाला येतो, आणि थंडीने कुडकुडावे लागते ते त्या एकालाच. प्रेमाने सांगितलेली गोष्ट निराळी आणि मोबाइल हाती आहे म्हणून वाचलेली गोष्ट निराळी. पहिलीने कुटुंब जवळ येते. दुसरीने फक्त सत्ता वाढते.

याच विषयाची आणखी एक बाजू आहे व ती अधिक नाजूक आहे. आपल्याकडे वडिलांना कर्करोग झाल्याचे कळले की मुले डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतात, “साहेब, बाबांना काही सांगू नका.” या विनंतीत स्वार्थ नसतो, माया असते. चरकसंहितेच्या त्याच उपदेशातही, आयुष्य सरत आल्याचे जाणूनही जेथे ते सांगण्याने रोग्याला वा दुसऱ्याला धक्का बसेल तेथे सांगू नये, असे आहे. डिजिटल दप्तराने हा पडदा फाडला जातो. वडिलांना वाचता येत असेल, तर डॉक्टरांच्या तोंडून मायेने यावयाची गोष्ट त्यांना एकांतात, यंत्राच्या पडद्यावर, आकड्यांत दिसते. हे क्रूर आहे. पण म्हणून किल्ली मुलाने परस्पर स्वतःकडे ठेवावी, हाही उपाय नव्हे. न जाणण्याचाही मनुष्याला हक्क आहे; मात्र तो सोडावयाचा की बजावावयाचा हे त्याने ठरवावयाचे असते. “बाबा, अहवाल आले की तुम्ही पाहाल, की मी पाहून तुम्हांला सांगू?” हा एक प्रश्न तपासणीपूर्वीच विचारला, तर माया आणि सत्य यांचे भांडण बरेचसे मिटते. पुष्कळ वडील म्हणतील, “तूच बघ रे.” तसे म्हटल्यावर मुलगा जे वाचतो ते चोरून वाचलेले राहत नाही; ती त्याच्यावर सोपविलेली ठेव होते.

२०२३ सालच्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने हेच तत्त्व एका लहानशा तरतुदीत मानले आहे. आपण मरण पावल्यावर किंवा असमर्थ झाल्यावर आपल्या माहितीविषयीचे हक्क कोणी चालवावेत, हे मनुष्याने स्वतः नेमून ठेवावयाचे आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. येथे वारस हा शब्द नाही, नेमणूक आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जन्माने मुलगा होता येते. विश्वस्त होण्यास कोणीतरी विश्वास टाकावा लागतो.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात इतकेच की घरातील ज्या तरुणाच्या हाती मोबाइल आहे, त्याने स्वतःला या दप्तराचा मालक न समजता कारकून समजावे. जो वाचू शकत नाही त्याला वाचून दाखवावे, पण त्याच्या आधी वाचू नये. संमतीचे बटण दाबण्यापूर्वी कोणत्या डॉक्टरांना, काय, किती दिवस दिसणार आहे, हे साध्या मराठीत सांगावे आणि होकार ऐकूनच दाबावे. शक्य असेल तेथे प्रत्येक सज्ञान माणसाचे खाते त्याच्या स्वतःच्या क्रमांकावर असावे. घरातील स्त्रियांचे तर आवर्जून. या गोष्टींना पैसा लागत नाही. थोडी सवड आणि पुष्कळ सभ्यता मात्र लागते.

वेळापूरच्या देवालयात यादव रामचंद्राच्या काळचे मराठी शिलालेख आहेत. ज्यांनी ते कोरविले त्यांची इच्छा अशी होती की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावेत आणि पुढील पिढ्यांनीही वाचावेत. आज आपण दुखण्यांचे जे लेख लिहीत आहोत ते कदाचित त्याहूनही टिकाऊ ठरतील. पण त्यांचा हेतू नेमका उलट आहे. ते ज्याच्याविषयी लिहिले त्याच्या बऱ्यासाठी, त्याने म्हटले तेव्हा, त्याने म्हटले त्यानेच वाचावयाचे आहेत. दगडाला कुलूप लागत नाही, यंत्राला लावता येते. ते लावावयाचे की नाही, आणि किल्ली कोणाच्या उशाशी ठेवावयाची, हे मात्र यंत्र ठरवीत नाही. ते आपल्या घरातच ठरणार आहे.